विधेयक ते अधिनियम आणि ग्रंथालये

संसदेपुढे किंवा राज्य विधिमंडळापुढे मंजुरीसाठी मांडलेला कायद्याचा मसुदा म्हणजे विधेयक. सभागृहांची मंजुरी आणि राष्ट्रपतींची किंवा राज्यपालांची संमती मिळाली की त्याचा अधिनियम होतो. ग्रंथालयांवर परिणाम करणारे कायदे एकाच ठिकाणी होत नाहीत. राज्यातील सार्वजनिक ग्रंथालये राज्यसूचीत, कॉपीराइट केंद्राकडे, तर वर्तमानपत्रे, पुस्तके व छापखाने समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येईल अशा विषयांत, येतात. म्हणून महाराष्ट्रातील ग्रंथपालाला मुंबई-नागपूरच्या अधिवेशनांइतकेच दिल्लीकडेही लक्ष ठेवावे लागते.

पहिल्या वाचनात विधेयक फक्त मांडले जाते. दुसऱ्या वाचनात त्याच्या तत्त्वांवर आणि मग एकेका खंडावर विचार होतो. तिसऱ्यात ते स्वीकारायचे की नाही, एवढेच ठरते. विधेयक स्थायी किंवा प्रवर समितीकडे, म्हणजे त्याची छाननी करणाऱ्या सदस्यांच्या गटाकडे, गेले, तर समिती जाहीर सूचना देऊन नागरिकांची लेखी निवेदने मागवते. ही मुदत थोडी असते आणि ती बहुतेकांच्या नजरेतून निसटते. मजकुरात बदल घडवण्याची खरी संधी मात्र तेव्हाच असते.

कॉपीराइट दुरुस्ती विधेयक, 2010 हे याचे ठळक उदाहरण. मूळ मसुद्यात अपंग वाचकांसाठी दिलेली सवलत केवळ त्यांच्यासाठीच खास तयार केलेल्या स्वरूपांपुरती होती. म्हणजे ब्रेल चालले असते. पण संगणकावर वाचून दाखवता येणारी साधी फाइल किंवा मोठ्या टायपातली प्रत अडली असती. अंध वाचकांच्या संघटनांनी हा मुद्दा लावून धरला आणि 2012 साली मंजूर झालेल्या कायद्यात कोणत्याही सुलभ स्वरूपाला मुभा मिळाली. परदेशात रीतसर प्रकाशित झालेल्या पुस्तकांच्या आयातीला मोकळीक देणारी तरतूद मात्र वगळली गेली. विधेयक तपासणाऱ्या संसदेच्या स्थायी समितीने तिला पाठिंबा दिला होता, पण समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते. ग्रंथखरेदीचे अंदाजपत्रक सांभाळणाऱ्यांचे यात नुकसानच झाले. त्याच दुरुस्तीने अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयांना, छापील प्रत आधीच संग्रही असल्यास, जतनासाठी तिची डिजिटल प्रत ठेवण्याची परवानगी दिली. पान उलटताच कडा झडणारे 1950-60च्या दशकांतले दिवाळी अंक ज्यांच्या कपाटांत आहेत, त्यांना या तरतुदीचे मोल सांगावे लागत नाही.

अधिनियम राजपत्रात प्रसिद्ध झाला, तरी पुष्कळदा तो वेगळ्या अधिसूचनेने अमलात येतो आणि तपशील नियमांत ठरतो. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967चा. तो 1 मे 1968 रोजी लागू झाला. मान्यता व अनुदानाच्या अटी मात्र 1970च्या नियमांत आहेत. अनुदान ज्यावर ठरते त्या अ, ब, क, ड या वर्गवारीची रोजची चिंता वाहणाऱ्या ग्रंथालयांनी नियमांचे मसुदेही वाचायलाच हवेत. मद्रासच्या 1948च्या कायद्यात ग्रंथालय कराची तरतूद होती. महाराष्ट्राच्या कायद्यात ती आली नाही, त्यामुळे येथील ग्रंथालये मुख्यतः शासकीय अनुदानावर अवलंबून राहिली.

अलीकडचा बदल पुस्तकांच्या नोंदणीचा. 1867च्या मुद्रण व पुस्तक नोंदणी कायद्यानुसार छापलेल्या पुस्तकांची सरकारदरबारी नोंद होई आणि प्रांतवार त्रैमासिक सूची निघत. त्याची जागा घेणारे विधेयक राज्यसभेने 3 ऑगस्ट 2023 रोजी आणि लोकसभेने 21 डिसेंबर रोजी मंजूर केले. मधल्या साडेचार महिन्यांत खासदारांपर्यंत म्हणणे पोचवायला वाव होता. नव्या कायद्याच्या कक्षेत फक्त नियतकालिके आहेत. पुस्तके तीतून बाहेर पडली.