डील (इंग्लंड) : लष्करी व सागरी इतिहास

डील हे इंग्लंडच्या केंट परगण्यातील किनाऱ्यावरचे गाव. डोव्हरपासून ते ईशान्येला सुमारे १३ किमी अंतरावर आहे. या गावाला खाडी नाही की नैसर्गिक बंदर नाही. समोर आहे तो गोट्यांचा उघडा, उतरता किनारा. तरीही शिडांच्या काळात इथे एका वेळी शेकडो जहाजे उभी असत. डीलचा सगळा इतिहास गावापेक्षा समोरच्या पाण्यात घडला आहे.

किनाऱ्यापासून काही मैलांवर ‘गुडविन सँड्स’ हा सुमारे १६ किमी लांबीचा वाळूचा दांडा आहे. ओहोटीला तो उघडा पडतो, भरतीला बुडतो. दांडा आणि किनारा यांमधल्या पाण्याला ‘द डाउन्स’ म्हणतात. पश्चिमेचा वारा जमीन अडवते, पूर्वेच्या लाटा दांड्यावर फुटतात. म्हणून ही जागा नांगर टाकायला सोयीची. लंडनहून निघालेली जहाजे नैर्ऋत्येचा वारा पडेपर्यंत इथे थांबत, कधी कधी कित्येक आठवडे. हिंदुस्थानाकडे निघालेली ईस्ट इंडिया कंपनीची जहाजेही त्यांत असत. जो दांडा आडोसा देई, तोच जहाजे गिळीही. जानेवारी १८०९ मध्ये कंपनीचे ‘अ‍ॅडमिरल गार्डनर’ गुडविनवर फुटले. मद्रास इलाख्यासाठी पाडलेली तांब्याची नाणी त्याच्या पोटात होती. १९८०च्या दशकात पाणबुड्यांनी ती मोठ्या संख्येने वर काढली.

हे पाणी शत्रूच्या हाती जाऊ नये म्हणून इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने १५३९-४० मध्ये सँडाउन, डील आणि वॉल्मर असे तीन किल्ले बांधले. उंच तटांचा जमाना तोफांनी संपवला होता. त्यामुळे डीलचा किल्ला बुटका, जाड भिंतींचा आणि गोल बुरुजांचा आहे; वरून पाहिला तर पाकळ्यांच्या फुलासारखा दिसतो. १६३९ मध्ये डच सेनानी ट्रॉम्प याने स्पॅनिश आरमाराचा फडशा पाडला तो याच पाण्यात, तटस्थ इंग्लंडच्या डोळ्यांदेखत. १६४८ मध्ये राजा आणि संसद यांच्यातल्या यादवी युद्धाच्या दुसऱ्या पर्वात डाउन्समधल्या आरमारानेच बंड केले. तिन्ही किल्ले राजाच्या बाजूने गेले आणि वेढे पडल्यावर एकामागून एक पडले. सँडाउनचा किल्ला पुढे समुद्रानेच खाल्ला.

नोव्हेंबर १७०३ च्या महावादळात नौदलाची चार लढाऊ जहाजे गुडविनवर आदळून हजारावर खलाशी बुडाले. अशा वेळी पाण्यात उतरत ते डीलचे नावाडी, आणि या गावाचा खरा मान त्यांचाच आहे. त्यांच्या होड्या किनाऱ्याच्या माथ्यावर, नाळ (पुढचे टोक) समुद्राकडे करून, साखळीने अडकवलेल्या असत. खाली चरबी लावलेल्या फळ्या टाकायच्या आणि लाट बघून साखळी सोडायची. होडी घसरत थेट फेसात शिरे. परत आली की रहाटाला माणसे लागून तिला गोट्यांवरून वर ओढत. नांगर तुटलेल्या जहाजाला नवा नांगर पोचवणे, वाटाड्या चढवणे, बुडत्यांना काढणे ही त्यांची कामे. चोरटा व्यापारही हेच लोक करत. त्याचा वचपा म्हणून पंतप्रधान धाकट्या पिटने १७८४-८५ च्या हिवाळ्यात सैनिक पाठवून किनाऱ्यावरच्या होड्या जाळल्या. पोटापाण्याचे साधनच जाळणारा हा उपाय क्रूर होता.

फ्रान्सशी युद्ध पेटल्यावर १७९६ मध्ये लंडन ते डील झडपांच्या तारायंत्राची, म्हणजे झडपा उघडमीट करून एका ठाण्यावरून पुढच्या ठाण्याला इशारे देणाऱ्या यंत्रांची, ओळ उभी राहिली. १८०१ मध्ये ब्रिटिश नौसेनापती नेल्सन इथूनच बूलोन्य या फ्रेंच बंदरावरच्या स्वारीवर गेला. तीत जखमी झालेला त्याचा लाडका अधिकारी एडवर्ड पार्कर डीलमध्ये वारला. त्याच्या अंत्ययात्रेत नेल्सनला रडू आवरले नाही.

वॉल्मरच्या किल्ल्याचे मराठी वाचकाशी वेगळे नाते आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव करणारा आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, याच किल्ल्यात १४ सप्टेंबर १८५२ रोजी वारला. त्याची साधी लष्करी खाट तिथे जपून ठेवली आहे.

१८५५ पासून किनाऱ्यावरच्या मनोऱ्यावर कालगोल बसला. ग्रिनिचहून विजेचा इशारा येताच दुपारी बरोबर एकला गोल खाली पडे आणि डाउन्समधली जहाजे त्यावर आपली घड्याळे लावत. पण वाफेच्या जहाजांना वाऱ्याची वाट पाहावी लागेना. डाउन्स ओस पडत गेले आणि नौदलाची गोदी १८६४ मध्ये बंद झाली. दोन्ही महायुद्धांत तटस्थ जहाजांची झडती घेण्यासाठी मात्र हे पाणी पुन्हा वापरात आले.

नौसैनिकांची (रॉयल मरीन्स) छावणी गावात राहिली आणि पुढे त्यांचे संगीत विद्यालयही तिथे आले. २२ सप्टेंबर १९८९ रोजी आयआरए (उत्तर आयर्लंडमधल्या ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणारी सशस्त्र संघटना) हिने तिथे केलेल्या बॉम्बस्फोटात ११ वादक ठार झाले. आठवड्याभराने बँड गावातून वाजवत निघाला, तेव्हा रांगांमध्ये मेलेल्यांच्या जागा मोकळ्या सोडलेल्या होत्या. छावणी १९९६ मध्ये बंद झाली. वॉल्मरच्या हिरवळीवर त्या वादकांच्या स्मरणार्थ बांधलेल्या वाद्यमंडपात उन्हाळ्यात आजही बँड वाजतात.