मॅशचे तापमान आणि प्रोबची जागा : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

घरी बिअर करताना मॅशचे, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेल्या भरड मॉल्टचे (मोड आणून वाळवलेल्या धान्याचे), तापमान कंट्रोलरवर ६६ अंश स्थिर दिसत होते, तरी बिअर अपेक्षेपेक्षा जड आणि गोडसर झाली, तेव्हा कंट्रोलर बदलून द्यावा, अशी मागणी आमच्याकडे वारंवार येते. परत आलेले बहुतेक कंट्रोलर तपासणीत निर्दोष निघतात आणि दोष प्रोबच्या (तापमान मोजणाऱ्या सळईच्या) जागेत सापडतो. पंपाने वर्ट (मॅशमधला गोड द्रव) खेळते ठेवून ते नळीतल्या हीटरमधून नेणारी मांडणी ज्यांनी घरी जुळवली आहे, त्यांच्यासाठी हे पत्रक आहे.

प्रोब हीटरच्या नळीतून वर्ट बाहेर पडते त्या तोंडाशी, टी-जोडात (तीन तोंडांच्या नळीजोडात) बसवावा, असे आम्ही सांगतो; पुष्कळ ग्राहक तो तिथून काढून मॉल्टच्या थरात खोचतात. मॅशचे तापमान हवे तर प्रोब मॅशमध्येच असावा, हा विचार वरवर रास्त वाटतो, परंतु कंट्रोलर तापमान नुसते दाखवत नाही, त्यावरून हीटर चालवतो. तापलेले वर्ट थरातून झिरपत प्रोबपर्यंत पोचायला कित्येक मिनिटे लागतात आणि तोवर, थर अजून थंड आहे असे समजून, कंट्रोलर हीटर पूर्ण ताकदीने चालू ठेवतो.

२००० वॉटचा हीटर पूर्ण चालू असताना त्यातून मिनिटाला ४ लिटर वर्ट जात असेल, तर ते एका फेरीत सुमारे ७ अंश सेल्सिअसने तापते. प्रवाह मिनिटाला १ लिटरवर आला, तर हीच वाढ २८ अंशांच्या घरात जाते. म्हणजे थरातला प्रोब ६४ दाखवत असताना नळीतून निघणारे वर्ट पहिल्या स्थितीत ७१, तर दुसऱ्या स्थितीत ९० अंशांच्याही पुढे असते. बीटा-अमायलेज हे मॉल्टमधल्या स्टार्चची साखर करणारे एन्झाइम ६० ते ६५ अंशांदरम्यान उत्तम काम करते आणि ७० च्या वर झपाट्याने निकामी होते. याच कामातले दुसरे एन्झाइम अल्फा-अमायलेज आणखी काही अंश तग धरते, पण ९० ला तेही टिकत नाही. निकामी झालेले एन्झाइम तापमान खाली आणल्याने पुन्हा कामाला लागत नाही, त्यामुळे यीस्टला पचणारी साखर कमी पडते आणि आंबल्यावर १.०१२ ला थांबायचे बिअरचे विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेतली घनता) १.०२० च्या आसपासच अडकते. कंट्रोलरवरचा आकडा मात्र ६६ च राहतो.

प्रोब नळीच्या तोंडाशी असला, तर वर्ट ठरवलेल्या तापमानाच्या फारसे वर जात नाही. थराचा मध्यभाग त्या मानाने थोडा मागे राहतो, हे आम्हालाही मान्य आहे. तापमान स्थिरावल्यावर हा फरक वेगळ्या थर्मामीटरने मोजावा आणि तो अंश-दीड अंशाचा असल्यास सेटपॉइंट (कंट्रोलरवर ठरवलेले तापमान) तेवढा वाढवावा. फरक त्याहून बराच मोठा असेल, तर सेटपॉइंटला हात न लावता आधी प्रवाह पाहावा. मॉल्ट फार बारीक भरडलेले असले किंवा पंप सुरुवातीलाच पूर्ण उघडला, की थर घट्ट बसतो आणि प्रवाह मंदावतो. म्हणून मॉल्ट घातल्यावर दहाएक मिनिटे थांबावे आणि पंपाच्या पुढच्या बाजूचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडत जावा. ऑटोट्यून (कंट्रोलरने आपले नियंत्रण स्वतःच जुळवून घेणे) पाण्यावर केले तरी चालते, मात्र प्रवाह मॅशच्या वेळी असतो तितकाच ठेवावा. तापमान टिकवण्यापुरती भांड्यातून निसटणारी उष्णताच भरून काढायची असल्याने मॅशच्या काळात कंट्रोलरची आउटपुट मर्यादा (हीटरला मिळणारी कमाल ताकद) निम्म्यावर आणणे हिताचे असते.

प्रोबविषयीच शंका असेल, तर तो ठेचलेल्या बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्य दाखवतो का, ते पाहावे. तीनतारी पीटी-१०० ची (प्लॅटिनमच्या विद्युत रोधावरून तापमान मोजणाऱ्या प्रोबची) तार लांबवताना तिन्ही तारा सारख्या वाढवाव्यात. दोनच तारांवर काम भागवल्यास वाढीव रोधाच्या प्रत्येक ओहममागे अडीच अंशांहून अधिक चूक येते.

आमच्या संचातील फ्लो स्विच (प्रवाह थांबताच हीटर बंद करणारा) वगळून किंमत कमी करावी, अशीही विनंती होते आणि ती आम्ही नाकारतो, कारण पंप थांबला की नळीच्या तोंडाशी असलेल्या प्रोबला हीटरजवळ काय चालले आहे ते कळत नाही आणि आतले वर्ट उकळून करपते. थराचे तापमान डोळ्यांसमोर असावे असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी आम्ही स्वतंत्र डिजिटल थर्मामीटर ठेवतो. तो कंट्रोलरला जोडता येऊ नये, अशी त्याची पिन मुद्दाम वेगळी ठेवली आहे.