पार्श्वभूमी : चिमणी आणि माळवद

चिमण्या कमी झाल्या म्हटले की लोक लगेच मोबाइल टॉवरकडे बोट दाखवतात. मराठवाड्यापुरते बोलायचे तर आधी डोक्यावरच्या छताकडे पाहावे.

इथले जुने घर माळवदाचे. दगडमातीच्या जाड भिंती, लाकडी खांब, तुळया, वर किलच्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. तुळई भिंतीत शिरते तिथे दोन बोटांची फट हमखास राहायची. चिमणीला तेवढी पुरे. वाळके गवत, सुतळीचे धागे, कोंबडीची पिसे कोंबून घरटे तयार. खाली भाकरी थापणाऱ्या बाईच्या परातीत काड्या पडायच्या, तिची कुरकुर चालायची, पण घरटे कुणी काढत नसे. माणूस शेती करू लागला तेव्हापासून हा पक्षी त्याच्या धान्यामागे आहे.

नराच्या गळ्यावरचा काळा डाग वर्षभर सारखा नसतो. नवी पिसे येतात तेव्हा त्यांची टोके फिकट असतात, म्हणून डाग पुसट दिसतो. टोके झिजत जातात तसा विणीच्या हंगामात तो काळाकुट्ट होतो. मादी मळकट भुरी, डोळ्यामागे फिकट रेघ.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसे याच भिंती-छतांखाली दबून गेली. ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. माळवदाची धास्ती दूरच्या गावांनीही घेतली, आणि त्यात चूक काही नव्हते. जमेल तसा स्लॅब पडला, नाही तर पत्रे आले. गिलावा केलेल्या भिंतीत फट कुठली?

रानही पालटले. ज्वारी हुरड्यात आली की कणसांवर थवे उतरायचे, माळ्यावरून गोफण फिरायची. ज्वारीचे बरेचसे रान आता सोयाबीनखाली आहे, खळीही गेली. शिवाय पिल्लांना पहिले काही दिवस दाणे नव्हे, अळ्या-किडे लागतात, आणि फवारणी नेमकी त्यांच्यावरच असते.

तरी चिमणी संपली असे म्हणणे घाईचे होईल. पक्ष्यांच्या स्थितीवरच्या २०२० च्या राष्ट्रीय अहवालात देशभरातली तिची संख्या साधारण स्थिर दिसली. घट जाणवली ती मोठ्या शहरांत. मोंढ्यात गोण्यांतून सांडलेल्या दाण्यांवर ती आजही तुटून पडते आणि अडतीच्या शटरवरच्या पोकळीत घरटे करते.