पाठ थोपटणाऱ्या एका कोरियन गाण्यामागचा काळ

ओकदाल या दोन तरुणींच्या जोडीचं ‘सुगोहेस्सो, ओनुल्दो’ (आजही खूप राबलीस) हे गाणं २०११ साली आलं. तुझ्या दुःखाची कुणाला पडलेली नसली तरी मी तुझ्या बाजूने आहे, एवढंच ते सांगतं. जिंकशील, मोठी होशील असलं आश्वासन त्यात नाही. चाल गोड असल्याने अनेकजण ते हलकंफुलकं समजतात. मला तसं वाटत नाही.

१९९७ च्या अखेरीस दक्षिण कोरियाची परकीय गंगाजळी आटली आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे हात पसरावे लागले. लोकांनी घरातलं सोनं देशासाठी आणून दिलं, सव्वादोनशे टनांच्या आसपास जमलं. ही गोष्ट आजही अभिमानाने सांगितली जाते. त्याच्या पाठोपाठ, १९९८ साली, कामगारकपात आणि कंत्राटी भरती सोपी करणारे कायदे झाले, ते मात्र कमी आठवतात. नोकरी लागली की निवृत्तीपर्यंत चिंता नाही, हे वडिलांच्या पिढीबरोबर संपलं. अर्थतज्ज्ञ उ सक-हून आणि पत्रकार पार्क क्वोन-इल यांनी २००७ च्या पुस्तकात या काळात नोकरीला लागणाऱ्या तरुणांना ‘८,८०,००० वोनची पिढी’ म्हटलं (वोन हे कोरियाचं चलन). विशीतल्या कंत्राटी कामगाराचा महिन्याचा पगार त्यांनी अंदाजे तेवढा धरला होता. ओकदालचं गाणं आलं त्याच वर्षी प्रेम, लग्न आणि मूल या तिन्हींवर पाणी सोडणाऱ्यांसाठी ‘साम्पो’ पिढी हा शब्द वर्तमानपत्रातून रूढ झाला.

या तरुणांची गाणी टीव्हीवर नव्हे, सोलच्या होंगिक विद्यापीठाभोवतीच्या तळघरांत तयार झाली. या भागाला सगळे होंगदेच म्हणतात. तिथे १९९४ साली ‘ड्रग’ हा क्लब सुरू झाला आणि क्रायिंग नटसारख्या पंक बँडनी तो दणाणून सोडला. तेव्हा सूर आरडाओरड्याचा होता. जुलै २००५ मध्ये एका थेट प्रक्षेपणात दोन वादकांनी अंगावरचे कपडे उतरवले, आणि त्या आगाऊपणाची किंमत सगळ्या होंगदेने मोजली: टीव्हीचे दरवाजे इंडी, म्हणजे मोठ्या कंपन्यांशिवाय स्वतंत्रपणे गाणाऱ्या, बँडना जवळजवळ बंदच झाले.

ते किलकिले केले गायक चांग कि-हा आणि त्याच्या बँडने. २००८ सालचं त्याचं ‘स्वस्त कॉफी’ हे गाणं म्हणजे ओलसर खोली, पायांना चिकटणारी जमीन, झुरळ, कोमट कॉफी आणि काहीच न घडणारा दिवस. अर्धं गायलेलं, अर्धं बोललेलं. सीडी त्यांनी हातानेच बनवून विकल्या. पुढच्या वर्षी कोरियन म्युझिक अवॉर्ड्सने त्याला वर्षातलं सर्वोत्तम गाणं ठरवलं. थकवा जसाच्या तसा गाता येतो, त्यावर उपाय सांगावा लागत नाही, हे या गाण्याने सिद्ध केलं. ओकदालने त्याच थकव्याला मैत्रिणीचा आवाज दिला, असं मी मानतो.

गाणाऱ्यांची परिस्थिती ऐकणाऱ्यांहून फार वेगळी नव्हती. होंगदे प्रसिद्ध झालं तशी भाडी चढली. त्याच अवॉर्ड्समध्ये फोक गाण्याचा पुरस्कार मिळालेल्या गायिका ली लांग यांनी २०१७ साली व्यासपीठावरच महिन्याची तुटपुंजी कमाई सांगितली, आणि पुरस्कारासोबत रोख रक्कम नसल्याने भाड्यासाठी ट्रॉफीचा लिलाव पुकारला. ती ५,००,००० वोनला विकली गेली.