फेरपालट व आच्छादन पिके (विदर्भातील भाजीपाला शेती)

एकाच शेतात ठरावीक क्रमाने निरनिराळ्या कुळांतील पिके घेण्याच्या पद्धतीस फेरपालट म्हणतात. दोन मुख्य पिकांच्या मधल्या काळात जमीन उघडी पडू नये म्हणून घेतलेले ताग (बोरू), धैंचा, बरबटी यांसारखे पीक हे आच्छादन पीक होय. तेच कोवळे असताना जमिनीत गाडले, की ते हिरवळीचे खत ठरते.

फेरपालटीने जमीन का सुधारते, हा एकोणिसाव्या शतकात वादाचा विषय होता. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ द कांदॉल यांनी 1832 मध्ये, मुळांतून स्रवणारी द्रव्ये त्याच पिकाला पुढे बाधतात, असे मत मांडले. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी 1840 नंतर खनिजांच्या ऱ्हासावर भर दिला. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बूसँगो यांच्या अल्सेस (फ्रान्स) येथील शेतप्रयोगांत मात्र द्विदल पिकांचा समावेश असलेल्या क्रमात, खतातून दिलेल्यापेक्षा अधिक नत्र पिकांत भरला. त्याचा उलगडा 1886–88 च्या सुमारास जर्मन संशोधक हेलरीगेल व विल्फार्ट यांनी, द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींतले जीवाणू हवेतला नत्र बांधतात, हे दाखवून केला, आणि त्यानंतर बराच काळ फेरपालटीचा लाभ म्हणजे नत्राचा लाभ असे मानले गेले. तथापि नत्र भरपूर दिल्यावरही सलग एकच पीक फेरपालटीतील पिकाची बरोबरी सहसा करीत नाही. त्यामुळे रोगकारक बुरशी, सूत्रकृमी (मातीतले धाग्यासारखे सूक्ष्म कृमी) व मातीची घडण यांनाही तितकेच महत्त्व देणारे मत अधिक ग्राह्य दिसते. द कांदॉल यांचा तर्कही पूर्णपणे निकालात निघालेला नाही.

भाजीपाल्यात याचा प्रत्यय लवकर येतो. वांगी, टोमॅटो, मिरची व बटाटा एकाच कुळातील असल्याने मिरचीनंतर वांगी लावणे ही नावापुरतीच फेरपालट होय. मर रोगाचे जंतू जमिनीत तसेच टिकतात. बरबटी नत्र देते, पण मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना आश्रयही देऊ शकते. ताग व झेंडू त्यांना बऱ्याच अंशी आवरतात. कोबीवर्गीय पिकांच्या मुळांशी मायकोरायझा या, पिकाला स्फुरद (फॉस्फरस) मिळवून देणाऱ्या बुरशीचे साहचर्य नसते, म्हणून त्यांच्यामागून येणाऱ्या कांद्यास स्फुरद घेणे काहीसे जड जाण्याचा संभव असतो.

विदर्भाच्या भारी काळ्या जमिनीत फुगणाऱ्या व आकसणाऱ्या स्मेक्टाइट चिकणमातीचे प्रमाण मोठे असते. उन्हाळ्यात पारा 45 अंशांकडे जाणाऱ्या या प्रदेशात सेंद्रिय पदार्थ झपाट्याने कुजत असल्याने एका हंगामाच्या हिरवळीने सेंद्रिय कर्बात टिकाऊ वाढ अपेक्षिणे योग्य नव्हे. मातीची कणरचना आणि पाणी मुरणे यांत फरक त्याआधी दिसतो. ताग साधारणतः 45 ते 50 दिवसांनी, फुलोऱ्याच्या सुमारास गाडतात. खोड निबर झाल्यास कर्ब-नत्र गुणोत्तर वाढते, कुजविणारे जीवाणू जमिनीतलाच नत्र ओढून घेतात आणि लगेच लावलेली रोपे पिवळी पडतात. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यात (खारट भूजलाच्या भागात) धैंचा अधिक उपयुक्त ठरतो, कारण तो चोपण (सोडियममुळे घट्ट झालेल्या) व पाणी साचणाऱ्या जमिनीतही तग धरतो. विहिरीचे पाणी मोजकेच असेल तेथे आच्छादन पीक ओलाव्यासाठी मुख्य पिकाशी स्पर्धा करते, आणि लहान वाडीत दीड महिना बिनउत्पन्नाचा घालविणे परवडत नाही. अशा ठिकाणी शेंगा तोडून पाला गाडता येणारी मूग किंवा बरबटी अधिक व्यवहार्य असते.

पूर्व विदर्भात उभ्या धानात लाखोळी (एक कडधान्य) फोकून ओलाव्यावर दुसरे पीक घेण्याची रीत आहे. तीत भाजीपाल्याला स्थान गौणच असते.