लाकूड कुठलं, एवढंच विचारलं होतं

ज्यूसचं टेट्रापॅक रिकामं झालं की एकदा फिरवून बघा. कुठेतरी कडेला बारीकसं झाड दिसेल, त्याच्याच रेषेत ओढलेली बरोबरची खूण, खाली एफएससी ही अक्षरं आणि 'सी'पासून सुरू होणारा सहा आकडी नंबर. खोक्याचा पुठ्ठा म्हणजे शेवटी लाकूडच. ते कुठल्या जंगलातून आलं याचा माग त्या नंबरामागच्या कागदांत असतो. हे कागद तयार ठेवायची वेळ कंपन्यांवर आली ती मात्र जंगलामुळे नाही, दुकानामुळे.

१९८०च्या दशकात ॲमेझॉनची आणि आग्नेय आशियातली जंगलं कशी तुटताहेत हे युरोप-अमेरिकेतल्या लोकांनी टीव्हीवर पाहिलं. ब्रिटनमध्ये पर्यावरणवादी थेट घरसामानाच्या दुकानांसमोर निदर्शनं करू लागले. १९९०च्या सुमारास बी अँड क्यू या तिथल्या मोठ्या दुकानसाखळीला एका पत्रकाराने विचारलं, की तुम्ही उष्ण कटिबंधातलं लाकूड किती विकता? कंपनीला उत्तर देता येईना. माहीत नाही म्हणजे तुम्हाला फिकीरच नाही, असा अर्थ त्याने काढला आणि तो कंपनीच्या जिव्हारी लागला. खरं तर माहीत नसणं स्वाभाविक होतं. तोडणारा एक, आरागिरणी दुसऱ्याची, मग व्यापारी, आयातदार, सुतारकाम करणारा कारखाना. वखारीत दोन ठिकाणचा माल एकत्र पडला की जंगलाचं नाव तिथेच पुसलं जातं.

सरसकट बहिष्कार हा सोपा मार्ग होता, पण तो उलटण्याची भीती होती. उभ्या झाडाला किंमत उरली नाही तर मालक जंगल जाळून गुरांना कुरण करणार. सरकारी उपायही फसले. ऑस्ट्रियाने १९९२मध्ये उष्ण कटिबंधातल्या लाकडावर तसं लेबल लावणं सक्तीचं केलं. मलेशिया-इंडोनेशियाने व्यापार कराराचा मुद्दा काढला आणि ऑस्ट्रियाला माघार घ्यावी लागली. त्याच वर्षी रिओच्या वसुंधरा परिषदेत जंगलांसाठी बंधनकारक करार होईल अशी आशा होती, तीही फोल ठरली.

मग १९९३मध्ये टोरांटोला २६ देशांतले १३० जण जमले आणि फॉरेस्ट स्ट्युअर्डशिप कौन्सिल, म्हणजे एफएससी, उभी राहिली. तिची रचना मला अजूनही धाडसी वाटते. व्यापारी, पर्यावरणवादी आणि आदिवासी-कामगारांची बाजू मांडणारे असे तीन कक्ष, आणि तिघांच्या मताचं वजन सारखं. प्रमाणपत्रं दोन प्रकारची: एक जंगलाचं, दुसरं मालाच्या प्रवासाचं. दुसऱ्यात आरागिरणीपासून छापखान्यापर्यंत प्रत्येकाने प्रमाणित माल किती आला, किती गेला याचा हिशेब ठेवायचा. मधली एक कडी निसटली की पुढच्याला खूण छापता येत नाही.

आपल्याकडच्या लाकूडवाल्यांना यात नवं काय, असं वाटेल. ओंडक्यावर वन खात्याच्या हातोड्याची निशाणी आणि ट्रकच्या कप्प्यात वाहतूक पास इथे पिढ्यान् पिढ्या आहेच. पण तो पास माल चोरीचा नाही एवढंच सांगतो. मागे जंगल कशा अवस्थेत राहिलं, तोडणाऱ्याला मजुरी मिळाली का, याबद्दल तो गप्प असतो.

युरोपातल्या लहान वनमालकांना एफएससी महागडी आणि जाचक वाटली. त्यांनी १९९९मध्ये पीईएफसी ही स्वतःची प्रमाणन व्यवस्था काढली. आज प्रमाणित जंगलाच्या क्षेत्रफळाने तीच मोठी आहे. त्याच वर्षी अमेरिकेत निदर्शकांनी जेरीस आणल्यावर होम डेपो या घरसामानाच्या दुकानसाखळीने संकटग्रस्त जंगलांतलं लाकूड बंद करण्याचं जाहीर केलं. मोठ्या गिऱ्हाईकाने अट घातली की पुरवठादार मुकाट्याने प्रमाणपत्र काढतो. जास्त भाव मिळेल म्हणून नव्हे, तो बहुतेकांना मिळतच नाही. ऑर्डर जाऊ नये म्हणून.

नंतर कायदा आला. बेकायदा मिळवलेल्या वन्यजीवांच्या व्यापारावर बंदी घालणाऱ्या जुन्या लेसी कायद्यात अमेरिकेने २००८मध्ये लाकूडही आणलं. गिब्सन या गिटार कंपनीवर छापे पडले. २०११च्या छाप्यात सापडलेलं लाकूड भारतातून गेलेलं होतं. ते एफएससी-प्रमाणित पुरवठादाराचं आहे, असं कंपनी ओरडून सांगत होती. प्रमाणपत्राने छापा टळला नाही. पुढच्या वर्षी, मुख्यतः मादागास्करच्या आबनुसावरून, तिने तीन लाख डॉलर दंड भरून प्रकरण मिटवलं. खुद्द एफएससीवरचाही विश्वास डळमळला. स्थापनेपासून सोबत असलेली ग्रीनपीस इंटरनॅशनल ही पर्यावरणवादी संस्था २०१८मध्ये बाहेर पडली.

भारतातल्या वनविभागांपैकी एफएससीचं प्रमाणपत्र पहिल्यांदा मिळवलं ते गडचिरोलीतल्या भामरागड वनविभागाने. मुदत संपली आणि ते पुढे टिकलं नाही. निर्यातदारांना खरा धक्का बसला तो २०१७च्या सुरुवातीला, शिसवाच्या सगळ्या जाती साइट्सच्या, म्हणजे संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत गेल्या तेव्हा. जोधपूर-सहारनपूरच्या हस्तकला कारागिरांचा माल अडू लागला. हस्तकला निर्यात परिषदेची 'वृक्ष' ही लाकूड-पडताळणी योजना अशा वेळी कामी आली. डिसेंबर २०२३मध्ये केंद्र सरकारने स्वतःचीच वन व लाकूड प्रमाणन योजना जाहीर केली. परदेशी संस्थांच्या फीला आणि निकषांना पर्याय, हा त्यामागचा विचार.

युरोपीय संघाचा २०२३चा जंगलतोडविरोधी नियम आणखी पुढे जातो. लाकूड जिथे तोडलं त्या जमिनीचे अक्षांश-रेखांश द्या, आणि ३१ डिसेंबर २०२०नंतर तिथलं जंगल साफ झालेलं नाही हे दाखवा. अंमलबजावणी लांबणीवर पडली आहे, पण प्रमाणपत्र आहे म्हणून या तपासातून सूट मिळणार नाही, हे त्यात आधीच लिहून ठेवलंय.