जुन्या पिकअपमधील इंधनकाट्याचा बिघाड

टाकीत डिझेल किंवा पेट्रोल किती उरले आहे हे चालकाला दाखवणाऱ्या डॅशबोर्डवरील उपकरणास इंधनकाटा म्हणतात. हा काटा आणि टाकीतील प्रत्यक्ष साठा यांचा मेळ न बसणे हा जुन्या मालवाहू पिकअपमध्ये नेहमी आढळणारा दोष आहे. मराठवाड्यात जालन्याची मोसंबी, वसमतची हळद किंवा लातूरच्या मोंढ्यावर जाणारे सोयाबीन वाहणाऱ्या कित्येक गाड्या काटा बंद पडलेल्या अवस्थेत वर्षानुवर्षे धावतात आणि चालक किलोमीटरच्या हिशेबाने टाकी भरत राहतो. हा हिशेब चुकला तर डिझेल गाडीला तो जास्त महागात पडतो. टाकी कोरडी झाली की नळ्यांमध्ये हवा शिरते, म्हणजे गॅरेजच्या भाषेत गाडी ‘एअर घेते’, आणि मग कॅनमधून पाच लिटर डिझेल ओतूनही भागत नाही. हातपंप मारून ती हवा काढल्यावरच इंजिन पुन्हा धरते.

काटा खरे तर इंधन मोजत नाही. तो विजेला होणारा रोध दाखवतो. टाकीत एका दांडीच्या टोकाला तरंगणारा फ्लोट असतो. पातळीबरोबर तो वर-खाली झाला की दांडीच्या दुसऱ्या टोकाची पत्ती रोधपट्टीवरून सरकते आणि मीटरकडे जाणारा प्रवाह बदलतो. रोध किती ओहम असावा हे प्रत्येक बनावटीत वेगळे असते. एका प्रचलित प्रकारात रिकाम्या टाकीला सुमारे २४० आणि भरलेल्या टाकीला ३३ ओहम भरतात, तर दुसऱ्यात रिकाम्या टाकीला १० आणि भरलेल्या टाकीला १८० ओहम. म्हणूनच दुसऱ्या गाडीचा फ्लोट ‘बसतोय ना’ एवढ्यावर बसवला, तर दुरुस्तीनंतरही काटा खोटेच सांगतो. असे जुगाड जुन्या गाडीत सर्रास सापडते आणि तपासणारा तासभर वायर शोधत बसतो.

तपासणीची पहिली पायरी दोष टाकीकडे आहे की मीटरकडे, हे ठरवण्याची. टाकीवरील युनिटची, म्हणजे फ्लोट, दांडी आणि रोधपट्टी यांच्या संचाची, वायर काढून किल्ली चालू केली की काटा एका टोकाला जातो, आणि तीच वायर टाकीपासून दूर चेसिसला (गाडीच्या लोखंडी सांगाड्याला) क्षणभर टेकवली की दुसऱ्या टोकाकडे सरकतो. कोणते टोक कोणत्या वेळी, हे वर सांगितलेल्या रोधाच्या दिशेवर ठरते. काटा दोन्हीकडे पूर्ण गेला तर मीटर आणि वायर निर्दोष समजावेत. जुन्या बनावटीचा काटा आतील धातूची पट्टी तापून हळूहळू सरकतो. त्याची वायर फार वेळ टेकवून ठेवल्यास मीटर जळू शकते. इंधनाबरोबर तापमानाचा काटाही चुकत असेल तर दोन्ही मीटरना सरासरी ५ किंवा १० व्होल्ट पुरवणाऱ्या स्टॅबिलायझरवर संशय घ्यावा. मीटरच्या बाजूचे बिघाड यापलीकडे फारसे नसतात, तरीही अनेक ठिकाणी सर्वांत आधी मीटरच बदलले जाते. पैसे वाया जाण्याचा तो हमखास मार्ग आहे.

या भागात जास्त वेळ द्यावा तो अर्थिंगला. टाकी बहुधा रबराच्या पट्ट्यांवर टेकलेली असल्याने तिला चेसिसशी जोडणारी वेगळी वायर लागते. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल टाकीवर आणि या जोडावर थापला जातो. वरून वाळलेला दिसला तरी आत ओल धरून राहतो आणि बोल्टखालचा धातू गंजवतो. गंजामुळे वाढलेला रोध फ्लोटच्या रोधात मिळतो. त्यामुळे २४०–३३ च्या प्रकारात काटा प्रत्यक्षापेक्षा कमी, तर १०–१८० च्या प्रकारात जास्त दाखवतो, आणि खड्ड्यात गाडी आदळली की काटाही उडी मारतो. युनिटच्या धातूच्या झाकणापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मल्टिमीटरने मोजले असता जवळजवळ शून्य ओहम यायला हवेत. तसे नसल्यास जोड सोडवून, पॉलिश पेपरने पांढरा धातू दिसेपर्यंत घासून, ग्रीस लावून पुन्हा आवळावा. अनेकदा दुरुस्ती इथेच संपते.

अर्थिंग ठीक असूनही काटा चुकत असेल तर युनिट बाहेर काढावे लागते. त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवावी, टाकी पाव भागापेक्षा कमी ठेवावी आणि युनिटभोवतीची माती ब्रशने झाडून घ्यावी, नाहीतर ती थेट डिझेलमध्ये पडते. ‘डिझेल पेट घेत नाही’ हा समज मराठवाड्याच्या उन्हाळ्यात धोक्याचा आहे. भारतीय मानकानुसार डिझेलचा ज्वलनांक, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो अंश, किमान ३५ अंश सेल्सिअस असावा लागतो आणि एप्रिल-मेमध्ये येथील पारा ४० अंशांच्या वर जातो. पेट्रोलच्या वाफांबाबत तर बोलायलाच नको. म्हणून काम सावलीत, मोकळ्या हवेत, विडी-काडी दूर ठेवून करावे.

बाहेर काढलेला फ्लोट कानाजवळ हलवून पाहावा. आत खळखळ ऐकू आली तर पितळी फ्लोटला भोक पडून त्यात इंधन शिरले आहे. तो बुडतो आणि काटा कायम रिकाम्यावर राहतो. नंतर दांडी हळूहळू फिरवत ओहम पाहावेत. आकडा सलग बदलण्याऐवजी मध्येच तुटत असेल तर पट्टी त्या जागी झिजली आहे. रोज अर्ध्या टाकीवर फिरणाऱ्या गाडीत ही झीज नेमकी मधोमध आढळते, त्यामुळे टाकी फुल असताना आणि रिकामी होत आल्यावर काटा बरोबर, मध्ये मात्र मृत असतो. आकडे ठीक असूनही काटा चुकत असेल तर दांडी वाकलेली असते किंवा पोचा पडलेल्या टाकीच्या पत्र्याला फ्लोट अडतो.

काही तफावत मात्र दोष नव्हे. टाकीचा आकार वर-खाली सारखा नसल्याने काटा सर्व भागांत सारख्या वेगाने उतरत नाही. माल भरल्यावर पिकअपचा मागचा भाग दबतो, घाटात गाडी कलते, आणि फ्लोट टाकीच्या मध्यभागी नसेल तर तेवढ्याच डिझेलवर काटा वेगळा दिसतो. म्हणून नवे वायसर घालून युनिट बसवल्यावर गाडी सपाट जागी उभी करावी, पाच-पाच लिटर डिझेल ओतत जावे आणि प्रत्येक वेळी काटा कुठे थांबतो ते लिहून ठेवावे.